दीड सेकंद

माउलींचा अश्व हवेत थांबला होता. मानेवरची आयाळ उडालेली, पाठीवर रिकामं खोगीर, पाय नेमके कुठं आहेत ते कळत नाही. टाळ वाजत होते, गजर चालू होता, मागून कुणीतरी "पुढचे खाली बसा की" म्हणून ओरडत होतं. आवाज सगळा व्यवस्थित. घोडा तेवढा जागचा हलत नव्हता. एक सेकंद गेला, दीड सेकंद गेला, आणि एकदम तो पडद्याच्या उजव्या टोकाला. मधलं धावणं कुठं गेलं, पत्ता नाही. तिथून दोन टापा बऱ्या पडल्या आणि पुन्हा त्याचा खांब झाला.

मी स्पेसबार दाबला. मागं गेले, पहिल्यापासून चालवलं. या वेळी घोडा दुसऱ्याच ठिकाणी अडला.

माझं माहेर अकलूजचं. आमच्या गावात तुकोबांची पालखी येते. माउलींची माळशिरसवरून वेळापूरला जाते. वाटेत खुडूस फाट्याला गोल रिंगण होतं. लहानपणी वडील आम्हाला सायकलवरून तिथं न्यायचे, एक पुढं दांडीवर, एक मागं कॅरियरवर. पुढं पुण्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मराठी शिकवण्यात गेली आणि आषाढात रजा कधी मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी माळशिरसपासून वाखरीपर्यंत एका दिंडीबरोबर चालले. हातात फोन होता. निघताना भाच्यानं सांगितलं होतं, "आत्या, फोर-के ठेव. नंतर पस्तावशील." म्हणून फोर-के ठेवलं. परत आले तेव्हा २१४ क्लिपा होत्या, सगळ्या मिळून दोन तास चाळीस मिनिटं, आणि दिंडीतल्या वीणेकरी आबांना दिलेला शब्द होता की याची एक छोटी फिल्म करून पाठवते.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. टाइमलाइन, कट, ट्रिम हे शब्दही आठवड्याभरात तोंडात बसले. बसलं नाही ते एवढंच, की चित्र चालायला हवं आणि ते चालत नव्हतं.

अशा वेळी माणूस काय काय करतो त्याची यादी दिली तर वाचणाऱ्याला स्वतःचीच वाटेल. लॅपटॉप बंद करून चालू केला. ब्राउझरमधले उघडे टॅब मोजले, एकतीस निघाले, ते मिटवले. नको असलेले फोटो उडवले. त्याचा या दुखण्याशी काडीचाही संबंध नव्हता, पण घर आवरल्यासारखं बरं वाटलं. शेजारच्या काकांनी रॅम वाढवायला सांगितलं. कॉम्प्युटर कुठलाही असो आणि दुखणं कुठलंही असो, रॅम वाढवा हे सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात; पूर्वी ते सगळ्या आजारांवर ओवा सांगायचे. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. वरून हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, आता नवीनच घ्या." शेवटी अकलूजला फोन लावला.

भाचा लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यातला. धंदा मुळात माझ्या दादाचा. दादाच्या काळात व्हीएचएस कॅसेट होत्या, मग मिनी डीव्ही आली. नवरानवरी कमळातून उगवायची, बदामाच्या आकारात फिरायची, आणि या सगळ्याला 'मिक्सिंग' म्हणत. त्याचं हसू येतं खरं, पण तो डीव्हीचा काळ मी पाहिलेला आहे. दादाच्या स्टुडिओतल्या त्या ठोकळ्यासारख्या कॉम्प्युटरवर अख्खं लग्न अडखळल्याशिवाय पुढंमागं व्हायचं. तो कॉम्प्युटर माझ्या या लॅपटॉपपेक्षा किती तरी अशक्त. मग त्याला जमत होतं ते याला का जमू नये?

भाच्यानं उत्तर दिलं नाही, उलट प्रश्न विचारायला लागला. दर वेळी एकच, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा नाही.

"आत्या, घोडा एकाच जागी अडतोय का दर वेळी वेगळ्या?"

"वेगळ्या."

"म्हणजे फाइल खराब नाही. खराब असती तर त्याच जागी अडली असती. फोनवर कशी चालते?"

"लोण्यासारखी."

"लॅपटॉपचा चार्जर लावलाय का?"

मी गप्प. वायर पलंगाखाली होती. बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो, हे मला माहीत नव्हतं. चार्जर लावला. घोडा दोनऐवजी चार टापा धावला आणि थांबला.

"आता टास्क मॅनेजर उघड आणि क्लिप चालव. आकडे वाच."

सीपीयू शंभर टक्के. डिस्क पाच.

"झालं," तो म्हणाला. "डिस्क मजेत आहे. मरतोय तो सीपीयू."

माझा संशय इतके दिवस त्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर होता. ती आवाज करते, गरम होते, चेहऱ्यावरूनच गुन्हेगार वाटते. पण हिशेब केला तर ती बिचारी निर्दोष. माझ्या फोनचा व्हिडिओ सेकंदाला चारेक मेगाबाइट लागतो आणि ती डिस्क अगदी जुन्या यूएसबीवरूनही तीसेक मेगाबाइट सहज देते. ओझं वाहण्यात अडचण नव्हतीच. अडचण होती गाठोडं सोडण्यात.

इथं थोडं आकड्यांत शिरते. फोर-केची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, जवळजवळ ८३ लाख. ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका फ्रेमचे पंचवीस मेगाबाइट झाले. सेकंदाला अशा तीस फ्रेम, म्हणजे साडेसातशे मेगाबाइट. फोन हे सगळं चार मेगाबाइटांत कोंबतो. उन्हाळ्यात कुरडया घालतात तसं आहे हे. वाळल्यावर डबाभर दिसतात, खांद्यावर टाकून पुण्याला आणता येतात; पण खायच्या तर एकेक तळावी लागते. आणि इथं तेहेतीस मिलिसेकंदांत एक तळून ताटात पडली पाहिजे, नाही तर पंगत पुढं सरकते.

हे वाळवण कसं घालतात, ते भाच्यानं इंग्रजी शब्दांत समजावलं. मला कळलं ते आमच्या कॉलेजच्या कार्यालयातल्या जुन्या रजिस्टरांमुळं. तिथले हेडक्लार्क पहिल्या ओळीत सगळं साग्रसंगीत लिहायचे आणि त्याखाली नुसतं 'कित्ता', 'कित्ता', 'कित्ता'. जे बदललं तेवढंच लिहायचं. शाई वाचते, वेळ वाचतो. पण चाळिसाव्या ओळीत नेमकं काय आहे ते विचारा, बोट वर वर सरकवत पहिल्या ओळीपर्यंत जावं लागतं आणि तिथून मधले सगळे बदल जमेस धरत खाली यावं लागतं. व्हिडिओचंही तसंच. पूर्ण लिहिलेली फ्रेम अधूनमधून एखादीच, बऱ्याच फोनांत सेकंदाला साधारण एक. बाकी सगळे कित्ते. त्यातही काही फ्रेम अशा, की वरच्या ओळीकडे बघून भागत नाही, खालची ओळही बघावी लागते. आमच्या हेडक्लार्कांनाही हे सुचलं नव्हतं.

सरळ पुढं चालवायचं असेल तर हे निभतं. एडिटिंगमध्ये मात्र आपण सरळ चालतच नाही. इथून उडी मारून तिथं, तिथून चार फ्रेम मागं, मध्येच कापलेलं, त्यावर दुसरी क्लिप. प्रत्येक उडीला मशीनचं बोट पुन्हा पहिल्या ओळीवर. शिवाय प्रत्येक पिढीत कित्ता लिहायची तऱ्हा जास्त चतुर होत गेली. एच.२६४ ही पद्धत २००३ची, एच.२६५ ही २०१३ची. दुसरी जवळपास निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवते, पण उलगडायला कितीतरी जास्त मेहनत लागते. माझा लॅपटॉप २०१४ साली घेतलेला. ही नवी लिपी वाचायला प्रोसेसरमध्ये वेगळं सर्किट लागतं, ते त्यात नाही, फोनमध्ये आहे. म्हणून फोन खिशात राहून जे लोण्यासारखं करतो ते लॅपटॉपला घाम फोडतं. आणि दादाच्या ठोकळ्यावर लग्नं का पळायची त्याचंही उत्तर मिळालं. डीव्हीत कित्ता नव्हताच. प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण लिहिलेली. तासाला तेरा जीबी जागा खायची, पण कुठलंही पान उघडा, समोर सगळा मजकूर.

त्यात मी निवडलं काय, तर रिंगण. भिंतीसमोर बसून कुणी भाषण करत असतं तर भिंतीला कित्ता, खुर्चीला कित्ता, बदलतात ते फक्त ओठ. रिंगणात हजारो डोकी हलतात, पताका फडफडतात, धूळ उडते, घोडा पळतो, आणि माझा स्वतःचा हातही थरथरत असतो. रिंगणात कित्ता लिहिण्यासारखं काहीच नसतं.

मग टाळ कसे चालू राहिले? सॉफ्टवेअर आवाजाला घड्याळ मानतं. चित्र मागं पडलं तर मधल्या फ्रेम सोडून देतं आणि आवाजाला जाऊन मिळतं, पण आवाज तोडत नाही. चार फ्रेम गेल्या तर डोळा पुष्कळदा सांभाळून घेतो. टाळाचा एक ठोका तुटला तर कान लगेच टवकारतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणी वारी पाहिली असेल असं वाटत नाही, पण दिंडीचा नियम त्यांनी बरोबर ओळखला. पाय चुकला तर चालतो, टाळ चुकून चालत नाही.

फोन ठेवता ठेवता भाचा म्हणाला, "तीस सेकंद एक्सपोर्ट करून बघ, म्हणजे तुझ्या जिवाचा घोर जाईल." तीस सेकंद बाहेर पडायला चार मिनिटं लागली. ती फाइल फोनवर टाकून पाहिली. घोडा पहिल्या टापेपासून शेवटच्या टापेपर्यंत अखंड धावला.

"मग बिघडलंय काय?"

"काहीच नाही. वेळ दिला की तो सगळं काढून देतो. नाही दिला की जमेल तेवढं दाखवतो. पण आत्या, असं अडखळत असताना कापू नकोस. मी येतोय पुढच्या आठवड्यात, तोवर थांब."

मी थांबले नाही. माझा विचार असा, की अडखळ फिल्ममध्ये नाही, ती फक्त माझ्या डोळ्यांसमोर आहे. मग ती सोसली की झालं. प्लेबॅकचं रिझोल्यूशन पाव केलं. सॉफ्टवेअरात तशी सोय असते, चित्र धुरकट दिसतं पण जरा पळतं. तसंच चार दिवस बसले. आंधळी कोशिंबीर खेळतात तसं हाताच्या अंदाजानं कापत गेले आणि नऊ मिनिटांची फिल्म उभी केली. रिंगणाचा भाग मला लांबट वाटत होता. घोडा थांबतो, थांबतो, मग पळतो. म्हणून तिथं सढळ हातानं कात्री लावली.

भाचा आला, माझ्या शेजारी बसला, दहा मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "आधी प्रॉक्सी बनवूया."

एकतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईसमोर हा शब्द जपून काढावा. प्रॉक्सी म्हणजे माझ्या लेखी हजेरीतली लबाडी. सत्तावीस नंबर कॅन्टीनमध्ये आणि त्याचं 'यस मॅडम' एकोणतीस नंबरच्या तोंडून. आवाज बदलून दिलेली प्रॉक्सी मी पाठमोरी असताना ओळखत असे आणि त्याचा मला गर्वही होता. आता हा पोरगा सांगत होता, की प्रत्येक क्लिपची एक प्रॉक्सी बसवायची. मूळ क्लिप तशीच कपाटात ठेवायची आणि तिच्या जागी तिची छोटी, हलकी नक्कल वर्गात बसवायची. रुंदी ३८४०ऐवजी ९६०, उंची २१६०ऐवजी ५४०. ठिपके सोळा पटीनं कमी. आणि मुख्य म्हणजे या नकलेत कित्ता नाही, प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली. कापाकापी, मागंपुढं, सगळं नकलेवर. शेवटी एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर नकला उठवतं आणि मूळ क्लिपांना हाक मारतं. कटाच्या जागा त्याच, चित्र मूळचं. परीक्षेला खरा विद्यार्थी बसला म्हणजे झालं.

हे ऐकताना मला एकदम पुण्यातलाच एक मे महिना आठवला. फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म आर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा वर्ग घेत, तो मी एका वर्षी केला होता. इन्स्टिट्यूट ज्या जागेत आहे तो मूळचा प्रभातचा स्टुडिओ, तिथल्या झाडांखालून रोज जायचं. एके दिवशी आम्हाला एडिटिंगचं टेबल दाखवलं, स्टीनबेक. जेवणाच्या टेबलाएवढं, वर आडव्या तबकड्या, एकीवरून फिल्म सुटते, दुसरीवर गुंडाळते, मध्ये छोटा पडदा. हळू फिरवा, माणूस हळू चालतो. थांबवा, थांबतो. उलटं फिरवा, उलटा चालतो. यंत्र दमलं तर चित्रही दमायचं, पण मधली फ्रेम गिळून पुढं उडी मारायची विद्या त्या टेबलाला नव्हती. आणि त्या टेबलावर असायची ती मूळ निगेटिव्ह नव्हे, तिच्यावरून काढलेली प्रिंट. ओरखडे पडोत, सेलोटेपचे जोड बसोत, काही बिघडत नसे. सगळे कट ठरले की निगेटिव्ह कापणारा वेगळा माणूस कडेचे छापील आकडे जुळवून, हातात पांढरे मोजे घालून, मूळ निगेटिव्ह एकदाच कापायचा. म्हणजे संकलकाच्या हातात जन्मभर प्रॉक्सीच होती. नकलेवर सिनेमा घडवायचा हा धंद्याचा जुना शिरस्ता, कॉम्प्युटरनं नुसतं नाव बदललं.

कामाला लागण्याआधी भाच्यानं वेळापूरच्या मुक्कामातलं रात्रीचं कीर्तन चालवून पाहिलं. वीस मिनिटांची ती एकच लांब क्लिप. सुरुवातीला ठीक होतं, पण पंधराव्या मिनिटाला हात आधी एकमेकांना भिडायचे आणि टाळ नंतर वाजायचा. मी ते आधीच पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, दमले असतील बिचारे, लय सुटली. याची आता लाज वाटते. टाळकऱ्यांची लय सुटली नव्हती, माझ्या फोनची सुटली होती. फोन सेकंदाला तीस फ्रेम घेतो म्हणतो खरा, पण दर सेकंदाला बरोबर तीस घेतोच असं नाही. अंधुक उजेडात त्याला एकेका फ्रेमसाठी जास्त वेळ उजेड गोळा करावा लागतो, मग कधी सत्तावीस, कधी चोवीस. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र तीसच आहेत असं धरून चालतं आणि चित्र हळूहळू आवाजापासून घसरत जातं. ती क्लिप आधी ठरावीक फ्रेमदराची करून घ्यावी लागली. तेवढंच.

रात्री साडेनऊला प्रॉक्सी लावल्या. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू झाला. झोप लागेना तेव्हा भाचा आणि मी गच्चीत बसून बोलत होतो. त्याला मी फोटोग्राफर मायब्रिजची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला १८७८ साली त्यानं धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं मांडले, आडव्या तारा लावल्या, घोडी पळत गेली तशी एकेक तार ओढली गेली आणि एकेक फोटो निघाला. पळताना घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात का, हे डोळ्याला कळत नव्हतं, त्या बारा फोटोंनी कळलं. सुटतात, आणि तेही चित्रकार काढत तसे पुढंमागं फाकलेले नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. मग फाळके. त्यांनी १९१२मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एक फ्रेम घेत त्याचा वेल वाढताना दाखवला. ती चिमुकली फिल्म दाखवून 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे केले. दोन फ्रेमच्या मध्ये अख्खा दिवस गिळलेला, तरी बघणाऱ्याला वेल सरसर वाढताना दिसला.

"आणि तुझ्या लॅपटॉपनं एक सेकंद गिळला तर तू मला रात्री अकराला फोन करतेस," भाचा म्हणाला.

बोलणं बरोबर होतं, पण पूर्ण नव्हतं. फाळक्यांना ठाऊक होतं आपण काय गिळतोय ते.

पहाटे साडेपाचला गिरणी थांबली. नकलांची फोल्डर तेरा जीबीची झाली होती. चहा ठेवला आणि रिंगणाची क्लिप पहिल्यापासून लावली. आधी पताकावाले धावले, मग तुळशीवाल्या बाया, मग वीणेकरी, त्यात आमचे आबा, धोतर एका हातानं सावरत. मग अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन्ही अश्व: पुढं स्वाराचा, मागं माउलींचा, रिकाम्या खोगिराचा. घोडा धावला. डावीकडून आला, धूळ उडवत माझ्यासमोरून गेला आणि गर्दीपलीकडं वळला. चित्र धुरकट, नकलेचं, पण एक टाप चुकली नाही. त्याच्या मागोमाग लोक वाकले, टापांखालची माती घ्यायला.

आणि तिथं ती बाई होती. हिरवं नऊवारी, पन्नाशीची असेल. ती सगळ्यांसारखी वाकली, चिमूटभर माती कपाळाला लावली, आणि उठता उठता दुसरी चिमूट पदराच्या टोकाला ठेवून गाठ मारली. गाठ दातांनी ओढून घट्ट केली. येऊ न शकलेलं कुणी घरी असेल. एवढं करून ती कॅमेऱ्याच्या बाहेर गेली.

मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. चार दिवस ती क्लिप शंभरदा चालवली होती आणि आधीच्या अडखळी कुठंही होवोत, घोडा वळला, की दर वेळी मशीन दमून थांबायचं आणि पुढं उडी मारायचं ते थेट रिकाम्या धुळीवर. माझ्या लेखी तिथं काहीच घडत नव्हतं, म्हणून तो तुकडा मी लांबट ठरवून कापला होता. भाचा थांब म्हणत होता तो याचसाठी. अडखळ फिल्ममध्ये उतरत नाही हे खरं, पण कापणाऱ्याच्या हातात उतरते, आणि हातातून फिल्ममध्ये. एक्सपोर्ट झालेली फाइल अगदी गुळगुळीत चालली असती आणि ती बाई तीत नसती.

प्रत्यक्ष खुडूस फाट्यावर तरी मी तिला पाहिलं होतं का? तेही नाही. ती माझ्यापासून दहा-बारा फुटांवर असणार आणि मी फोनच्या पडद्यात घोडा चौकटीत ठेवायच्या नादात होते. तिथं सीपीयूला दोष देता येत नाही.

कुणाला असा त्रास होत असेल तर मला जे लागू पडलं ते सांगून ठेवते. नवीन मशीन घ्यायच्या आधी अडखळ एकाच जागी आहे की फिरती आहे ते बघा. चार्जर लावा. आकडे वाचा, डिस्क दमली आहे की प्रोसेसर, ते कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाही तर गुण कशानं आला ते कळत नाही. नकला बनवायला एक रात्र जाते, ती जाऊ द्या. आणि तोवर काही कापू नका.

फिल्म अकरा मिनिटांची झाली. आबांच्या नातवानं ती फोनवर लावून सगळ्या दिंडीला दाखवली म्हणे. ती बाई तीत सत्तेचाळीस फ्रेम आहे. कोण, कुठली, दिंडीतल्या कुणालाच माहीत नाही.